कामगाराचा स्वभाव आणि मालकाची पारख

व्यापारी बंधूंशी बोलताना एक तक्रार हमखास कानी पडते : "माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तरी टिकत नाहीत." पोलादपूर-महाड भागात ही तक्रार अधिक ऐकू येते, आणि तिला कारणेही आहेत. तरुण मुलगा हाताशी आला की त्याला महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने दिसतात, मुंबई दिसते आणि आखाती देश दिसतात. मागे उरलेल्यांतूनच आपल्याला माणूस निवडावा लागतो, असे म्हणून मालक मोकळा होतो. परंतु त्याच बाजारपेठेत असेही दुकानदार असतात की ज्यांच्याकडे एकच माणूस पंधरा-वीस वर्षे टिकून आहे. पगारात फार तफावत नसते, कामही तेच असते. मग फरक कोठे पडतो?

आमच्या मते हा फरक मुख्यत: पारखेचा आहे. कोणत्या माणसाला महत्त्व द्यावे, हे मालक बहुधा नकळत ठरवतो. आणि ठरवताना त्याच्या स्वभावातील जे गुण चटकन डोळ्यांत भरतात त्यांनाच तो भुलतो. धंद्याला तारणारा गुण मात्र पुष्कळदा गप्प असतो. तो ओळखावा कसा, याचा विचार आजच्या पाठात करू.

महत्त्वाचा माणूस कोण?

प्रथम एक साधी कसोटी घेऊ. उद्या आपल्याला घरच्या लग्नासाठी चार दिवस बाहेरगावी जावे लागले, तर गल्ल्याची चावी आपण कोणाच्या हाती द्याल? ज्याचे नाव मनात आले तो आपल्या लेखी महत्त्वाचा माणूस. आता दुसरा प्रश्न. तो माणूस आपल्याला सर्वांत जास्त आवडतो म्हणून त्याचे नाव आले, की त्याच्या कामावर पुन्हा नजर टाकावी लागत नाही म्हणून आले?

हे दोन वेगळे आहेत. आवडता माणूस आणि भरवशाचा माणूस एकच निघाला तर ती मालकाची खुशनसीबी. एरवी आवडता माणूस पुढे बसतो आणि भरवशाचा माणूस मागे भट्टीजवळ, यंत्राजवळ किंवा गोदामात राबत असतो. तो नोकरी सोडून गेल्यावर आठ दिवसांत त्याची किंमत कळते. तोवर उशीर झालेला असतो.

स्वभावाचे पाच पैलू

माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणारे शब्द मोजायला बसले तर अंत लागत नाही. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजी शब्दकोश चाळून असे सुमारे १८,००० शब्द काढले होते. पुढच्या पिढ्यांतील संशोधकांनी त्यांची गाळणी करीत पाच मोठे पैलू ठरवले. आपल्या व्यवहाराच्या भाषेत ते असे सांगता येतील :

१) कामाची चाड : हाती घेतलेले पुरे करणे, वेळ पाळणे, वस्तू जागेवर ठेवणे, हिशोब चोख देणे.

२) मिसळाऊपणा : अनोळखी माणसाशी सहज बोलणे, चारचौघांत रमणे.

३) सलोखा : जुळवून घेणे, दुसऱ्याला मदत करणे, भांडण टाळणे.

४) मनाची स्थिरता : गर्दीत, नुकसानीत, बोलणी खाल्ल्यावरही गांगरून न जाणे.

५) नव्याची ओढ : नवे यंत्र, नवा नमुना, नवी पद्धत शिकण्याची उत्सुकता.

प्रत्येकात हे पाचही पैलू कमी-अधिक असतात. धंद्याच्या दृष्टीने प्रश्न असा की, यांपैकी कशाने काम चांगले होते? मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या दोन संशोधकांनी १९९१ साली, तोपर्यंतच्या शंभराहून अधिक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यांत व्यावसायिक, पोलीस, व्यवस्थापक, विक्रेते आणि कुशल-अर्धकुशल कारागीर असे निरनिराळे लोक होते. या सर्व गटांत उपयोगी ठरलेला गुण एकच निघाला : कामाची चाड. मिसळाऊपणाचा उपयोग विक्रेते आणि व्यवस्थापक यांच्या बाबतीत दिसला. कारागिराच्या कामात त्याला तेवढे महत्त्व आढळले नाही.

येथे एक सावधगिरी हवी. स्वभावावरून सर्व काही कळते असा याचा अर्थ नाही. हाताचे कसब, अनुभव, प्रकृती आणि कामाची परिस्थिती यांचा वाटा मोठा असतो. स्वभाव हा अंदाजाला आधार देतो, एवढेच.

काम तसा स्वभाव

आता हे आपल्या धंद्यांना लावून पाहू. पोलादपूर हे मुंबई-गोवा महामार्गावरचे ठिकाण. येथून पुढे कशेडी घाटाने खेडकडे आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे रस्ता जातो. त्यामुळे हॉटेल, गॅरेज, टायर-पंक्चर, बेकरी, किराणा असे वाटसरूंवर चालणारे धंदे येथे आलेच.

हॉटेलच्या गल्ल्यावर आणि टेबलांवर मिसळाऊ, हसतमुख माणूस शोभतो. वाटेतल्या गिऱ्हाइकाला दोन शब्द गोड मिळाले तर परतताना तो पुन्हा थांबतो. परंतु त्याच माणसाला बेकरीच्या भट्टीवर बसवले तर गप्पांच्या नादात पाव करपतील. तेथे वेळेकडे आणि आचेकडे लक्ष ठेवणारा, अबोल का असेना, पण चाड असलेला माणूस हवा. गॅरेजात ब्रेकचे काम करणारा मिस्त्री घाई करणारा नसावा. गाडी पुढे घाट चढणार आहे आणि घाटात नट ढिला राहिला तर काय होईल, हे ज्याला स्वत:हून आठवते तोच खरा मिस्त्री. शिवणकामाच्या दुकानात गिऱ्हाइकाचे माप घेणारा मास्टर बोलका असावा, पण काज-बटण करणारा शांत आणि नेटका चालतो. ईदच्या किंवा गणपतीच्या आधीच्या गर्दीत मात्र स्थिर मनाचा माणूस दोन कारागिरांचे काम करून जातो.

महामार्गावरच्या धंद्याला नव्याची ओढ असलेला माणूसही लागतो, कारण रस्ता बदलला की धंदा बदलतो. २०२३ पासून कशेडीच्या बोगद्यातून वाहने जाऊ लागली. घाट चढण्याआधी थांबण्याची गरज ज्यांना वाटत असे, त्यांतले काही आता न थांबता पुढे जाणारच. अशा वेळी नवा माल, नवी सेवा सुचवणारा आणि ती शिकण्याची तयारी असलेला एखादा तरुण दुकानात असणे मालकाच्या फायद्याचे आहे.

तात्पर्य, स्वभाव चांगला की वाईट हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. कोणत्या कामाला कोणता स्वभाव, हा प्रश्न विचारावा. माणूस बिनकामाचा आहे असे ठरवण्यापूर्वी त्याची जागा बदलून पाहावी.

नजरेची फसगत

मालकाची नजर फसते कशी, याचाही अभ्यास झालेला आहे. १९२० साली एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांना वेगवेगळे शेरे द्यायचे होते. पण एका बाबतीत जो चांगला ठरला, तो बहुतेक सर्व बाबतींत चांगला ठरवला गेला होता. एका गुणाची चमक बाकीच्या गुणांवर पडत होती. आपणही हेच करतो. पोरगा तरतरीत आहे, सलाम नीट करतो, म्हणून तो हिशोबातही चोख असेल असे धरून चालतो. हिशोब मात्र तपासत नाही.

दुसरी फसगत गटाची. जॉर्ज ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास दाखवून दिले की, वरिष्ठ सर्वांशी सारखा वागत नाही. त्याच्याभोवती जवळच्या माणसांचे एक कडे तयार होते. त्यांना महत्त्वाची कामे, माहिती आणि सवलत मिळते. बाकीच्यांना फक्त हुकूम मिळतात. पुढे जवळची माणसे अधिक मन लावून काम करतात आणि दूरची माणसे पगारापुरते. मग मालक म्हणतो, "बघा, मी ओळखले होते!" वास्तविक, त्या फरकाचा बराचसा भाग त्यानेच घडवलेला असतो.

तिसरी फसगत परिस्थितीची. आमच्या भागात डोंगरातल्या वाड्यांवरून माणसे कामाला येतात. पावसाळ्यात दरड आली, एस.टी. आली नाही, नदीला पाणी वाढले, तर माणूस उशिरा पोहोचतो. मालक वहीत लिहितो : आळशी. बाजारपेठेत राहणारा मुलगा रोज वेळेवर येतो, त्याला वक्तशीर म्हणून शाबासकी मिळते. येथे स्वभावाची तुलना झालीच नाही, अंतराची झाली. उशीर झाल्यावर माणूस निरोप धाडतो का, राहिलेले काम थांबून पुरे करतो का, हे पाहिले असते तर खरा स्वभाव दिसला असता. याच जातीची आणखी एक चूक म्हणजे गाव, मोहल्ला, जमात यांवरून स्वभाव ठरवणे. त्या वाटेने गेलेला मालक चांगली माणसे दारातूनच परत पाठवतो.

पाहणारे कोणी नसताना

मग खरा गुण ओळखावा कसा? आमच्या वाचकांना परिचित असलेला एक प्रसंग येथे आठवतो. मदयनच्या विहिरीवर हजरत मूसा (अ.स.) यांनी दोन मुलींच्या कळपाला पाणी पाजले, मोबदला मागितला नाही, बाजूला सावलीत जाऊन बसले. पुढे त्यांतील एकीने वडिलांना त्यांना कामावर ठेवण्यास सुचवले, तेव्हा सामर्थ्य आणि अमानतदारी हे दोन गुण पुढे केले. सूर: अल-कससमध्ये हा प्रसंग आहे. धंद्याच्या दृष्टीने यातील बोध हा की, ती शिफारस गोड बोलण्यावरून झाली नव्हती. काही मिळण्याची आशा नसतानाचे वर्तन पाहून झाली होती.

असेच एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यान महामार्गावरचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एस.टी. बस आणि इतर वाहने पुरात गेली. त्या अंधारात आणि पावसात, पुलाजवळच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या कामगाराच्या हे ध्यानात आले. त्याने रस्त्यावर येऊन पुढची वाहने थांबवली, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांत छापून आले होते. वाहने थांबवणे हे गॅरेजच्या कामात कोठे येते? पगारात धरलेले नव्हते, कोणी सांगितलेले नव्हते. अशा, कामाच्या यादीत नसलेल्या कामाचा डेनिस ऑर्गन या अमेरिकन प्राध्यापकांनी १९८० नंतरच्या दशकात खास अभ्यास केला. कोणी न सांगता केलेल्या अशा लहान-मोठ्या गोष्टींवरच संस्था आणि दुकाने चालतात, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे. दुकानात याची रूपे साधी असतात : गळणाऱ्या पत्र्याखालून पोते सरकवणे, गिऱ्हाइकाची विसरलेली पिशवी जपून ठेवणे, नव्या मुलाला काम दाखवणे.

महाडच्या व्यापाऱ्यांना तर हे वेगळे सांगायला नको. २००५ आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत येथील बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. पाणी चढत असताना माळ्यावर आधी काय न्यायचे, हे हुकमाची वाट न पाहता ज्याला सुचते असा माणूस दुकानात असणे, ही विम्यासारखीच सोय आहे.

मुरारबाजींचे उदाहरण

माणूस पारखण्याचे एक जुने उदाहरण याच मातीतले आहे. महाड तालुक्यातील किंजळोलीचे मुरारबाजी देशपांडे हे जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या पदरी होते. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा ते आपल्या धन्याच्या बाजूने महाराजांविरुद्ध लढले. शत्रूचा माणूस म्हणून त्यांना दूर ठेवता आले असते. महाराजांनी त्यांना आपल्या सेवेत घेतले. नऊ वर्षांनी, १६६५ साली, मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी पुरंदरला वेढा घातला. मुरारबाजींचा पराक्रम पाहून दिलेरखानाने त्यांना आपल्या बाजूला येण्यास सांगितले, ते त्यांनी नाकारले आणि लढता लढता ते पडले, असे सभासदाच्या बखरीत आले आहे.

यातून मालकाने घ्यायचा धडा सरळ आहे. जुन्या धन्यासाठी जो नेटाने उभा राहिला, तो नव्या धन्यासाठीही राहील. याउलट, आपल्याकडे नोकरी मागायला आलेला माणूस जुन्या मालकाची निंदा करू लागला, त्याची गिऱ्हाइके आणि उधारीची वही घेऊन येतो म्हणाला, तर आपल्याला तो फायद्याचा वाटतो. पण आज तो दुसऱ्याची वही आपल्याकडे आणत आहे. उद्या आपली वही कोठे जाईल, याचा विचार करावा.

महत्त्व दिले म्हणजे काय केले?

भरवशाचा माणूस सापडला की मालक पुढची चूक करतो. सर्व कामे त्याच्याच अंगावर टाकतो. तो नाही म्हणत नाही, म्हणून सुटीच्या दिवशीही बोलावतो. कामचुकार माणसाचे कामही त्यालाच करावे लागते. पगार मात्र दोघांचा सारखा, आणि उचल मागायला आला तर कामचुकाराला ती लवकर मिळते, कारण तो मागे लागतो. गप्प माणूस मागत नाही, म्हणून त्याला मिळत नाही. अशा वेळी तो भांडत नाही, एक दिवस येऊन सांगतो, "सेठ, मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही." आम्हाला वाटते, आपल्या धंद्यांतील सर्वांत महाग नुकसान हेच. मालाचे नुकसान वहीत दिसते, हे दिसत नाही.

दुसरी बाजूही पाहावी. एकाच माणसाला सर्व किल्ल्या, सर्व गिऱ्हाइके आणि सर्व कसब ठाऊक असणे धोक्याचे आहे. त्याची नियत साफ असली तरी तो आजारी पडू शकतो. म्हणून त्याच्या हाताखाली दुसरा माणूस तयार करावा, आणि शिकवण्याबद्दल त्याला वेगळा मान व मोबदला द्यावा. तसे केले नाही तर आपली जागा जाईल या भीतीने तो शिकवणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

काय करावे?

१) नवा माणूस ठेवल्यावर पहिला महिना एक छोटी वही ठेवावी. मत लिहू नये, घडलेली गोष्ट लिहावी. "चांगला आहे" असे न लिहिता "मंगळवारी वजनातली चूक स्वत: येऊन सांगितली" असे लिहावे.

२) पाचही पैलूंचा वेगवेगळा विचार करावा. एकाची चमक दुसऱ्यावर पडू देऊ नये.

३) आधी लहान अमानत सोपवावी, मग मोठी. सुटे पैसे आणणे, मग उधारी वसूल करणे, मग गल्ला. एकदम सर्व सोपवणे म्हणजे त्या माणसालाच मोहात टाकणे होय.

४) माणूस ठेवताना जुन्या मालकाला किंवा उस्तादाला विचारावे. "कसा आहे?" एवढेच विचारू नये, "काम अर्धवट टाकून कधी गेला का? चूक झाली तर सांगत असे का?" असे विचारावे.

५) वर्षातून दोनदा, प्रत्येक कामगाराला एकट्याला बसवून बोलावे. गप्प माणूस चारचौघांत बोलत नाही, एकट्यात बोलतो.

६) वाढ मागण्यापूर्वी द्यावी, आणि कशाबद्दल दिली ते सांगावे. ते सांगितल्याने बाकीच्यांनाही कळते की येथे कशाला किंमत आहे.

कामगार आणि शागीर्द बंधूंनाही दोन शब्द. मिसळाऊ स्वभाव सर्वांना लाभत नाही, आणि त्याची खंत करू नये. पण चाड ही बऱ्याच अंशी सवयीनेही वाढते. हत्यार जागेवर ठेवणे, उशीर होणार असेल तर कळवणे, झालेली चूक लपवण्याआधी सांगणे, या तीन सवयी वर्षभर पाळाव्यात. आणि केलेले काम मालकाच्या नजरेस आणून देणे म्हणजे फुशारकी नव्हे. "हे काम पुरे झाले, हे राहिले आहे," एवढे रोज संध्याकाळी सांगणाऱ्याचे काम झाकले जात नाही.

स्वाध्याय

आज दुकान वाढवण्यापूर्वी कागद घेऊन बसावे आणि पुढील तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१) आपल्याकडील कोणत्या माणसाचे काम आपण गेल्या महिनाभरात एकदाही तपासले नाही? भरवसा आहे म्हणून, की तो आवडतो म्हणून?

२) कोणाशी आपण आठवडाभर हुकमाखेरीज एक शब्दही बोललो नाही?

३) कोण सोडून गेल्यास आपले काम अडेल? त्याला हे आपण कधी सांगितले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आले, तर उद्या सकाळी गिऱ्हाइकांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी त्या माणसाला चहाला बसवावे आणि सांगून टाकावे. पगारवाढीचा हिशोब महिनाअखेरीस करता येईल.